क्रॅक टाकून देतो की!

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला आलेला माणूस भाव करतो, चहा पितो, पुन्हा भाव करतो. पण फुकट द्या असं कधी म्हणत नाही. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलाय, जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढताना कारागिराची मान मोडलीय, हे त्याला डोळ्यांनी दिसत असतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या भागात सगळ्यांनाच बरं वाटलं. हाताच्या कामाला मोल आहे, यावर आपल्याकडे फारसा वाद होत नाही.

त्याच सांगली-मिरज पट्ट्यात एका खोलीचे कितीतरी स्टुडिओ आहेत. कुठे वरच्या मजल्यावर, कुठे मोबाइलच्या दुकानामागे, कुठे शेतातल्या नव्या घरात. मालक बहुतेक पंचविशी-तिशीतला पोरगा असतो. त्याने माइक घेतलेला असतो तो पैसे टाकून. साउंड कार्ड पैसे टाकून, स्पीकर पैसे टाकून, एसी हप्त्यावर. भिंतींना लावलेला फोमसुद्धा पुण्याहून मागवलेला. आणि ज्याच्यावर गाणं प्रत्यक्ष तयार होतं ते एफएल स्टुडिओ किंवा क्यूबेस, सूर सरळ करणारं ऑटोट्यून, ढोलकी-संबळ-हलगीच्या आवाजांच्या भल्यामोठ्या लायब्ऱ्या, हे सगळं कुठून आलं? विंडोज मारायला आलेल्या माणसाच्या हार्ड डिस्कमधून. "सगळं क्रॅक टाकून देतो की! पाचशे दे." क्रॅक म्हणजे परवान्याचं कुलूप फोडून फुकट चालवलेलं सॉफ्टवेअर.

या क्षेत्रात मी बरीच वर्षं आहे. लोकांचे बंद पडलेले, अडखळणारे, निळे पडदे दाखवणारे कॉम्प्युटर बघायला मला बोलावतात. तेव्हा मला ठाऊक आहे ते त्या मशीनच्या पोटातून दिसलेलं आहे. चोरी वाईट, कलाकाराने तरी चोरू नये, असलं प्रवचन मी देणार नाही. गाणी बनवायच्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी आवृत्ती साडेसातशे डॉलरच्या आसपास जाते. तासाला तीन-चारशे रुपये घेणाऱ्या आणि पावसाळ्यात रिकाम्या बसणाऱ्या पोराला ही किंमत सांगून नीतीचे पाठ देणं मला जमत नाही. शिवाय पैसा नाही म्हणूनच लोक क्रॅक वापरतात, असंही नाही. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने आपल्या लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो ट्विटरवर टाकला, आणि त्यात ब्राउझरच्या एका टॅबमध्ये पायरेट बे ही चोरीच्या मालाची साइट उघडी आणि शोध चाललाय सीरम नावाच्या सिंथेसायझरचा, हे साऱ्या जगाने पाहिलं. सीरम बनवणाऱ्या एक्सफर कंपनीशी संबंध असलेल्या डेडमाउस या संगीतकाराने मग त्याची यथेच्छ टिंगल केली. कोट्यधीश गायकाला दोनशे डॉलरचं वाद्य विकत घ्यावंसं वाटेना, तर आमच्या आष्ट्याच्या पोराला काय बोलायचं?

कंपन्याही काही संत नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्ह्ज कंपनीने एका रात्रीत जाहीर केलं की यापुढे त्यांचे प्लगइन, म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं, विकत मिळणार नाहीत, फक्त महिन्याच्या भाड्याने मिळतील. जगभरच्या रेकॉर्डिस्ट लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. प्रामाणिक गिऱ्हाइकाला असं वागवणाऱ्यांविषयी मला फार उमाळा नाही.

तेव्हा कंपनीचं नुकसान बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते वेगळ्याच माणसाच्या नुकसानीबद्दल. तो माणूस क्रॅक डाउनलोड करत नाही, त्याला क्रॅक म्हणजे काय हेही माहीत नसतं. तो गायला आलेला असतो.

त्याआधी क्रॅक बसवताना नेमकं काय होतं ते एकदा शांतपणे बघा. फाइल येते ती पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये. पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो. मग तो लावलाच कशाला? तर वाटेतल्या कुठल्याही तपासणीला आतलं काही दिसू नये म्हणून. कधी कधी फाइलमध्ये नुसती शून्यं भरून तिचा आकार मुद्दाम फुगवलेला असतो, कारण फार मोठ्या फाइली तपासायचा पुष्कळ अँटिव्हायरस आळस करतात. आत एक सूचनांची फाइल. पहिली ओळ: अँटिव्हायरस बंद करा. दुसरी: इंटरनेट बंद करा. तिसरी: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. मॅक असेल तर टर्मिनल उघडून एक ओळ चिकटवायची असते, तिने ॲपलचा दारावरचा पहारेकरीच उठून जातो. आता ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे मशीनचा पूर्ण कारभार. सख्ख्या मेहुण्याला आपण आपल्या बँकेचा पिन देत नाही, आणि इथे ज्याचं नाव, गाव, चेहरा काही ठाऊक नाही त्याला सगळ्या खोल्या उघडून देतो. तेही त्याने लेखी मागितलं म्हणून!

परवान्याची खोटी किल्ली बनवून देणारा की-जनरेटर चालू केल्यावर बारीक बीप-बीप आवाजातलं एक गाणं वाजतं, ते मला मात्र मनापासून आवडतं. जुन्या संगणकांच्या आठ बिटी ढंगात बांधलेली, चार-पाच चॅनेलमध्ये बसवलेली, कधी कधी खरोखर उत्तम रचना असते. कुलूप फोडणाऱ्या टोळ्यांकडे स्वतःचे संगीतकार असतात, आणि ते खरं नाव न लावता काम करतात. संगीताचं सॉफ्टवेअर फोडताना त्यावर संगीताचीच सही करायची, यात एक बेफिकीर कारागिरी आहे हे मान्य करायला हवं.

त्या कारागिरीवरच आमच्या लोकांचा विश्वास बसलेला असतो. "अरे, अमक्या ग्रुपचा क्रॅक आहे, ते लोक व्हायरस टाकत नाहीत." असेलही. नामांकित ग्रुप आपल्या नावाला जपतात, असं मीही पाहिलंय. पण तुझ्याकडे तो ग्रुपकडून आला का? ग्रुपने सोडला, कुणीतरी टोरेंटवर चढवला, तिथून उचलून तिसऱ्याने आपल्या साइटवर ठेवला, चौथ्याने यूट्यूबच्या व्हिडिओखाली लिंक दिली, पाचव्याने टेलिग्रामवर टाकला आणि विंडोज मारणाऱ्याने तिथून हार्ड डिस्कवर घेतला. मधल्या कुणाच्याही हाताने त्यात काही मिसळलं असेल तर ते ओळखणार कशाने? खऱ्या कंपनीच्या इन्स्टॉलरवर डिजिटल सही असते. क्रॅक करताना पहिली मोडते ती तीच.

अँटिव्हायरस ओरडतो, हे खरं. पण तो चांगल्या क्रॅकवरही ओरडतो, कारण कुलूप फोडणारं हत्यार त्याला हत्यारच दिसतं. त्यामुळे "क्रॅकवर तो ओरडणारच" हे वाक्य आमच्याकडे पाठ झालंय. स्टुडिओचं अर्थिंग नीट नसलं की स्पीकरमधून कायम एक घरघर येते. मालकाला तिची इतकी सवय होते की एखाद्या दिवशी घरघरीच्या आतून दुसराच काही आवाज यायला लागला, तरी त्याच्या कानाला तो लागत नाही. तसंच हे आहे. इशारा खरा की खोटा हे ठरवायचं ज्ञानेंद्रियच आपण निकामी करून ठेवलेलं असतं.

संगीतवाल्यांवर कुणी मुद्दाम नेम धरेल का, असं मला पूर्वी विचारलं जायचं. २०१९ च्या जूनमध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने जे उघड केलं ते वाचल्यावर तो प्रश्न मिटला. एका साइटवर संगीताची फुकट सॉफ्टवेअर ठेवलेली होती. रीझन, एबलटन लाइव्ह, सायलेंथ, नेक्सस, ऑटोट्यून, सगळी ओळखीची मंडळी. एकूण १३७ पॅकेज, त्यातली ९५ मॅकसाठी आणि ४२ विंडोजसाठी. प्रत्येकाबरोबर एक अख्खा छुपा संगणक यायचा. म्हणजे तुमच्या मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन, त्यात छोटं लिनक्स, आणि ते रात्रंदिवस मोनेरो नावाचं डिजिटल चलन खोदत, म्हणजे गणितं सोडवून कमावत, बसायचं. वीजबिल तुमचं, चलन त्याचं. ईसेटने याला लाउडमायनर नाव दिलं. २०१८ च्या ऑगस्टपासून हे चालू होतं.

यातली हुशारी ओळखण्यासारखी आहे. संगीतवाल्याचं मशीन तगडं असतं. पंखा घोंघावला, प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर गेला, तर तो म्हणतो रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारे प्लगइन, जास्त लागलेत. फाइल दोन-चार जीबीची असली तरी त्याला नवल वाटत नाही, कारण नुसत्या पियानोची लायब्ररीही तेवढी असते. छुपा संगणक लपवायला याहून चांगलं घर सापडणार नाही. मी स्वतः अशी मशीन पाहिलीत जिथे मालकाने 'प्लेबॅक अडखळतो' म्हणून रॅम वाढवली, मग प्रोसेसर बदलला, मग साउंड कार्डवाल्याला शिव्या दिल्या. नवीन घेतलेली ताकद कोण खात होतं याचा पत्ता नाही. बघायला गेलं तरी हाती लागेल असंही नाही. २०२३ मध्ये जॅम्फ कंपनीच्या संशोधकांना फायनल कट या व्हिडिओ कापायच्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतीत जो खोदकाम करणारा प्रोग्रॅम सापडला, तो दर तीन सेकंदांनी बघायचा की मालकाने मशीनची ताकद कोण खातंय ते दाखवणारा ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडलाय का. उघडला की गपचूप काम थांबवायचा.

मॅकला व्हायरस लागत नाही, ही आमच्या धंद्यातली आणखी एक अंधश्रद्धा. २०२० च्या जूनअखेर चेन्नईच्या के-सेव्हन कंपनीतल्या एका संशोधकाने मॅकवरचं एक खंडणीचं सॉफ्टवेअर उजेडात आणलं. ते पसरत होतं चोरीच्या इन्स्टॉलरमधून, आणि त्यांत एबलटन लाइव्ह होतं, डीजे लोकांचं मिक्स्ड इन की होतं. फाइली कुलूपबंद करून ५० डॉलर मागायचे. पण पैसे भरायचा बिटकॉइनचा पत्ता सगळ्यांना एकच, आणि संपर्काला ईमेलही नाही. म्हणजे कुणी पैसे भरले हे त्यांनाच कळण्याची सोय नव्हती! खंडणी हा देखावा होता. फाइली आधीच उचलून न्यायचं काम मागे चाललं होतं. पुढे सेंटिनेलवन कंपनीने कुलूप उघडण्याचं साधन फुकट दिलं, म्हणून काही लोक वाचले.

आमच्या जवळच्या माणसाला भेटला तो मात्र स्टॉप-डीजेव्हीयू. २०१८ पासून घरगुती कॉम्प्युटरवाल्यांना छळणारं हे खंडणीचं कुटुंब, आणि त्याचा मुख्य रस्ता म्हणजेच क्रॅक आणि की-जनरेटर. माझा एक मित्र तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवतो. त्याच्याकडे एका भजनी मंडळाचं काम चालू होतं. बुवा साठीपुढचे, आवाज अजून खणखणीत. पखवाजवाला, चार-पाच टाळकरी, आणि कोरसला बायका. शेतीची कामं सांभाळून, टेम्पो करून यायचे. आषाढीच्या आधी अभंग यूट्यूबवर यायला हवेत, एवढीच त्यांची अट. वर्गणी काढून पैसे आगाऊ दिलेले. गाऊन झालेलं, मिक्सिंग राहिलेलं. मास्टरिंगचा एक नवा प्लगइन मित्राने कुठूनसा उतरवला आणि चालवला. पडद्यावर विंडोज अपडेट होतंय अशी खिडकी आली. म्हणून हा चहा प्यायला खाली उतरला.

ती खिडकी खोटी होती. वर येऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार निरर्थक अक्षरं चिकटलेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. बॅकअपची हार्ड डिस्क कायम मशीनला लावलेलीच असायची. तीही गेली.

त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "लेका, बुवांना काय सांगू?" एवढंच दोनदा म्हणाला.

यावर एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचं एक फुकट साधन २०१९ पासून आहे, पण ते मुख्यतः जुन्या प्रकारांनाच चालतं. नंतरच्या प्रकारांत बहुतेक वेळा प्रत्येक बळीसाठी वेगळी किल्ली तयार होते आणि ती चोराकडेच राहते. आमच्या बाबतीत तसंच निघालं. पण या कुटुंबाची एक खोड आहे. घाईत असतं ते. प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा १५० केबीच्या आसपासचा तुकडा कुलूपबंद करतं आणि पुढच्या फाइलकडे धावतं. एक्सेलची किंवा वर्डची फाइल मेलीच त्यात. आवाजाच्या फाइलीचं गणित मात्र निराळं. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकेरी ट्रॅक म्हणजे सेकंदाला १,३२,३०० बाइट. १५० केबी म्हणजे सव्वा सेकंदाहूनही कमी! त्यापुढचं पाच-सहा मिनिटांचं गाणं तिथेच पडलेलं असतं, अगदी जसंच्या तसं. फाइलच्या कपाळावरची ओळख पुसली गेल्यामुळे कुठलाही प्लेअर ती उघडत नाही, इतकंच.

मग ऑडॅसिटी हे आवाज कापायचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं, आणि 'रॉ डेटा' म्हणून एकेक फाइल आत ओढायला बसलो. इथे आपणच सांगायचं असतं की हे २४ बिट आहे, एकेरी आहे, इतक्या किलोहर्ट्झचं आहे. पहिली फाइल वाजवली तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता धबधबा. मित्राने मान खाली घातली. पण २४ बिटमध्ये आवाजाचा एकेक नमुना तीन बाइटचा असतो, आणि मोजायला सुरुवात चुकीच्या बाइटवरून केली तर अख्खं गाणं खरखर होऊन बसतं. एक बाइट पुढे सरकवलं. तरीही धबधबा. आणखी एक सरकवलं. सव्वा सेकंद कर्कश खरखर, आणि तिच्यामागून बुवा, कुठलीही इजा नसलेले.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, पण आनंदाचं होतं. फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे, त्यामुळे कुठली पखवाजाची आणि कुठली टाळांची हे ऐकून ठरवायचं. तरी प्रोजेक्टची फाइल परत आलीच नाही. कुठला टेक, म्हणजे गायलेली कुठली खेप, निवडला होता, कुठे कापलं होतं, कोरसचा कुठला स्वर हलकेच वर सरकवला होता, हे सगळं तिच्यात. ते महिन्याचं काम गेलं. आणि गंमत अशी की सलग गायलेल्या ट्रॅकला धक्का लागला नव्हता, कारण सुरुवातीचे एक-दोन सेकंद माणूस मापाची वाट बघत गप्पच असतो. मेले ते पंच मारलेले तुकडे. जिथे एखादी ओळ चुकली म्हणून तेवढीच पुन्हा गाऊन घेतली होती, तिथे प्रत्येक दुरुस्तीची स्वतंत्र फाइल होती आणि प्रत्येकीचा पहिलाच शब्द चोराने खाल्ला होता. म्हणजे बुवांनी जे जे नेटाने सुधारलं होतं, नेमकं तेच मोडलं.

दोन अभंग पुन्हा गावे लागले. मित्राने बुवांना 'कॉम्प्युटर खराब झाला' असं सांगितलं. खोटं नाही आणि खरंही नाही. मंडळी पुन्हा टेम्पो करून आली. पेरणीचे दिवस होते, तिघांनी त्या दिवसाचं काम बुडवलं. पखवाजवाला येऊ शकला नाही, म्हणून त्याचा भाग जुन्या टेकवरच चिकटवला, आणि बुवांची लय नव्याने थोडी वेगळी पडल्यामुळे तो शेवटपर्यंत नीट बसला नाही. बुवांनी एकच विचारलं, "मागल्या खेपेला चांगलं झालं नव्हतं का?" त्यांची समजूत अशी की आपणच कमी पडलो म्हणून पुन्हा बोलावलं.

माझा राग त्या वाक्यावर आहे. जोखीम घेणारा एक आणि भरणारा दुसरा, आणि भरणाऱ्याला वर अपराधीही वाटतंय. स्टुडिओवाला म्हणतो, माझं मशीन, माझी मर्जी. पण ते मशीन नुसतं त्याचं राहिलेलं नसतं. त्यात मंडळाचे अभंग असतात, १४ एप्रिलच्या जयंतीसाठी केलेली गाणी असतात, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे ट्रॅक, कुणाच्या मुलीचं पहिलं गाणं, कुणा गोंधळ्याचा दुसरीकडे कुठेच न नोंदलेला गण. सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं. क्रॅकही पुन्हा मिळतो. तो टेक मिळत नाही.

यूट्यूबचंही असंच. क्रॅकबरोबर येणाऱ्या गोष्टींमध्ये आजकाल खंडणीपेक्षा चोरटे प्रोग्रॅम जास्त असतात. रेडलाइन, रॅकून, व्हिडार ही त्यांतली बदनाम नावं. हे काही कुलूपबंद करत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी गोळा करतात, मिनिटभरात बाहेर पाठवतात आणि गप्प बसतात. कुकी म्हणजे 'हा माणूस आधीच आत आलेला आहे' अशी नोंद. ती चोराच्या हाती पडली की मोबाइलवर ओटीपी यायचं कारणच उरत नाही. कोळीगीतांचं किंवा देवीच्या गाण्यांचं चॅनेल, वर्षानुवर्षं जपलेलं, सकाळी उठून बघावं तर नाव बदललेलं, जुने व्हिडिओ लपवलेले, आणि कुठल्यातरी क्रिप्टोच्या भामटेगिरीचं थेट प्रक्षेपण चालू. अशा चॅनेलची चावी बऱ्याचदा गायकाकडे नसतेच. गायकाला ते जमत नाही म्हणून स्टुडिओवाल्यानेच त्याचं खातं आपल्या मशीनवर उघडून दिलेलं असतं. पुन्हा तेच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडे त्याची भीती कुणाला नाही आणि गावपातळीवर कुणी धाड घालताना मी पाहिलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३ब हे कलम आहे. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला सबुरीने घेता येतं. घरात हौसेने शिकणाऱ्या पोराला ही फट आहे. तासावर पैसे घेणाऱ्या स्टुडिओला नाही. याहून रोजची अडचण वेगळीच असते: एखादी म्युझिक कंपनी करार करताना विचारते की हे लूप, हे वाद्यांचे आवाज कुठल्या परवान्याने वापरले? त्या आवाजांचा परवाना विकत घेणाऱ्याच्या नावाने असतो. चोरीच्या लायब्ररीत तो कुणाच्याच नावाने नसतो, आणि गाणं चाललं की हा प्रश्न उभा राहतो. न चाललेल्या गाण्याला कोण विचारतो!

"मग काय, गाणं करणं सोडून देऊ?" हे मित्राचं मला नेहमीचं उत्तर. त्याला मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर दाखवलं. गाणी वाजवायचं विनॅम्प ज्याने बनवलं त्या जस्टिन फ्रँकेलचं हे काम. ६० दिवस पूर्ण चालतं, नंतरही कुलूप लागत नाही, आणि छोट्या धंद्याला परवाना ६० डॉलरचा. म्हणजे स्टुडिओची दोन दिवसांची कमाई, आणि एकदाच. एफएल स्टुडिओ ज्यांना हवंच आहे त्यांनाही एक गोष्ट सहसा माहीत नसते. त्या बेल्जियमच्या कंपनीकडून एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. डेमोमध्येही गाणं बनवून बाहेर काढता येतं. जतन केलेलं प्रोजेक्ट तेवढं पुन्हा उघडत नाही, आणि विकत घेतल्या दिवशी ते जुने प्रोजेक्टही उघडतात. व्हायटल आणि सर्ज हे सिंथेसायझर फुकट आहेत आणि सीरमच्या पंगतीला बसतील असे आहेत. सीरमसुद्धा हप्त्याने मिळायची सोय निघाली, महिन्याला दहा डॉलर. पाश्चात्त्य आवाजांपुरता प्रश्न बराचसा सुटलेला आहे. अडतं ते आमच्या वाद्यांपाशी. परवडणाऱ्या किमतीत चांगली दिमडी, चांगला संबळ, लावणीची चढी ढोलकी शोधायला गेलं की हात रिकामे येतात. जगाच्या बाजारात सतार आणि तबला म्हणजेच भारत. इथे क्रॅकवाल्याची बाजू मला निम्मी तरी पटते.

त्यावरचं माझं मत मित्राला आवडलं नाही. मी म्हटलं, आपल्या गावात ढोलकीवाले आहेत, तुझ्याकडे माइक आहे, एक दिवस बसव त्यांना, पैसे दे, आणि एकेक बोल नीट नोंदवून घे. तुझी स्वतःची लायब्ररी होईल. तो म्हणाला, "आणि तेवढ्या वेळात दहा गाणी निघतात, ती कोण करणार?"

रीपर मात्र त्याने घेतलं. परवाना स्वतःच्या नावावर आला त्याची प्रिंट काढून काचेखाली ठेवली. बॅकअपची डिस्क आता काम झालं की काढून कपाटात जाते. पण ढोलकीची ती चोरीची लायब्ररी त्याने टाकलेली नाही. तिच्यासाठी जुनं मशीन वेगळं ठेवलंय, आणि ते नेटला जोडलेलं नाही, हे तो मला अभिमानाने दाखवतो.

"मग त्यावर केलेली ढोलकी या मशीनवर कशी आणतोस?" मी विचारलं.

"पेनड्राइव्हने."

"आणि पेनड्राइव्ह कुठला?"

"हाच की, बुवांना गाणी द्यायचा."

यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.